बंडानंतरची मतपेटी : थायलंडच्या २०१९च्या निवडणुकीविषयी वाचकांचे प्रश्न

थायलंडमध्ये २२ मे २०१४ रोजी लष्कराने निर्वाचित सरकार बाजूला सारून सत्ता ताब्यात घेतली, आणि जवळजवळ पाच वर्षांनी, २४ मार्च २०१९ रोजी, तेथे संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी मतदान झाले. या निवडणुकीचा ओझरता उल्लेख सदरात आल्यापासून वाचकांची पत्रे येत आहेत. बंडाचे नेतृत्व करणारे जनरल प्रयुत चान-ओचा हेच निवडणुकीनंतर पुन्हा पंतप्रधान कसे झाले, हा बहुतेक पत्रांचा रोख आहे. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : ज्यांच्या हाती सगळी सत्ता आहे अशा सेनाधिकाऱ्यांना निवडणूक घेण्याची गरजच काय? आणि घ्यायचीच होती, तर पाच वर्षे कशासाठी घालवली? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : थायलंडमध्ये १९३२ साली निरंकुश राजेशाही संपली. तेव्हापासून २०१४ पर्यंत तेथे बारा बंडे यशस्वी झाली, आणि त्यामुळे बंड करण्याचीही एक रूढ पद्धत पडून गेली आहे. चालू घटना रद्द करायची, हंगामी घटना आणायची, विश्वासातल्या माणसांकडून नवी घटना लिहून घ्यायची आणि मग निवडणूक घ्यायची, असा तो क्रम असतो. देश सावरेपर्यंतच आम्ही आलो आहोत असे प्रत्येक सेनापती सांगतो, त्यामुळे निवडणुकीचे वचन बंडाच्या पहिल्या भाषणांतच दिले जाते. शिवाय बाहेरच्या जगाशी व्यवहार करायचा तर अंगावर निवडणुकीचा शिक्का असणे सोयीचे ठरते. २०१४च्या बंडानंतर अमेरिकेने लष्करी मदतीचा काही भाग रोखला होता आणि युरोपीय संघाने सहकार्य कराराचे काम थांबवले होते. युरोपीय संघाने राजकीय संपर्क पुन्हा सुरू केले ते डिसेंबर २०१७ मध्ये, निवडणुकीची आशा दिसू लागल्यावर.

विलंबाचे कारण समजून घ्यायचे तर २०१४च्याही मागे जावे लागते. १९ सप्टेंबर २००६ रोजी, पंतप्रधान थक्सिन शिनावात्रा न्यूयॉर्कमध्ये असताना, लष्कराने त्यांची सत्ता उलथवली. त्या वेळी सेनापतींनी घाई केली. वर्षभरात नवी घटना सार्वमताने संमत करून घेतली आणि २३ डिसेंबर २००७ रोजी निवडणूक घेतली. थक्सिन यांचा मूळ पक्ष तोवर विसर्जित झाला होता, पण त्यांच्या समर्थकांनी दुसऱ्या नावाच्या पक्षातून निवडणूक लढवली आणि ४८० पैकी २३३ जागा मिळवून सरकार बनवले. पुढे न्यायालयीन निर्णयांनी ते सरकार आणि तो पक्ष दोन्ही संपले. तरीही २०११ मध्ये थक्सिन यांच्या भगिनी यिंगलक यांच्या नेतृत्वाखाली फ्यू थाई पक्षाने ५०० पैकी २६५ जागा जिंकल्या. २००६चे बंड वाया गेले, ही भावना लष्कराच्या वर्तुळात त्यानंतर उघडपणे बोलली जात असे. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पितात, तशी २०१४च्या सेनापतींची गत होती.

घटनेचा पहिला मसुदा राजवटीनेच नेमलेल्या परिषदेने सप्टेंबर २०१५ मध्ये फेटाळला. मग मीचाई रुचुपन या मुरलेल्या घटनातज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली दुसरा मसुदा तयार झाला आणि ७ ऑगस्ट २०१६ रोजी त्यावर सार्वमत घेण्यात आले. ऑक्टोबर २०१६ मध्ये राजे भूमिबोल यांचे निधन झाले, नव्या राजांनी मसुद्यात काही बदल सुचवले, आणि ६ एप्रिल २०१७ रोजी घटना लागू झाली. त्यानंतर निवडणूकविषयक कायदे, त्यांच्या मुदती आणि पुढे ढकललेल्या तारखा यांत आणखी दोन वर्षे गेली. अखेरची ढकलाढकल तर २०१९ उजाडल्यावर झाली. २४ फेब्रुवारीची अपेक्षित तारीख मे महिन्यातील राज्याभिषेकाच्या विधींशी जुळत नाही, असे कारण देण्यात आले. यातील काही विलंब अटळ होता हे मान्य केले, तरी अनुकूल नियम हाती आल्याशिवाय मतदान होऊ द्यायचे नाही हा निश्चय त्यामागे होता, याविषयी आम्हांला शंका वाटत नाही.

प्रश्न : नवी घटना सार्वमताने संमत झाली असेल, तर मग तिला लष्कराची घटना का म्हणायचे? लोकांनीच तिला होकार दिला ना? (एक वाचक)

उत्तर : होकार दिला, हे खरे आहे. मतदान करणाऱ्यांपैकी ६१ टक्क्यांहून अधिक लोकांनी मसुद्याच्या बाजूने मत दिले. परंतु सार्वमताच्या कायद्यात अशी तरतूद होती की मतदारांवर प्रभाव पाडण्याच्या हेतूने दिशाभूल करणारा किंवा प्रक्षोभक मजकूर पसरवल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल. दिशाभूल म्हणजे काय हे ठरवणार प्रशासन. मसुद्याविरुद्ध पत्रके वाटणाऱ्या कार्यकर्त्यांना अटक झाली, आणि मसुदा समजावून सांगण्यासाठी सरकारी यंत्रणा मात्र गावोगाव फिरत राहिली. अशा वातावरणातही ईशान्येकडील अनेक प्रांतांनी आणि मलेशियाच्या सीमेलगतच्या पट्टानी, याला व नाराथिवात या तीन मुस्लिमबहुल प्रांतांनी नकार दिला, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. शिवाय पुष्कळांनी होकार दिला तो मजकुरावर नव्हे. हा टप्पा उरकला की एकदाची निवडणूक होईल, या आशेवर.

त्याच दिवशी मतदारांपुढे एक जोडप्रश्नही ठेवला होता. पहिली पाच वर्षे पंतप्रधानाची निवड दोन्ही सभागृहांनी एकत्र बसून करावी का, असा त्याचा आशय होता. त्याची शब्दरचना मात्र इतकी लांबलचक आणि आडवळणाची होती की प्रश्न वाचून त्याचा परिणाम लक्षात येणे अवघड होते. सुमारे ५८ टक्के मतांनी तोही संमत झाला. २०१९च्या निवडणुकीची खरी मेख या जोडप्रश्नात आहे.

प्रश्न : निवडणुकीला उभाच न राहिलेला माणूस पंतप्रधान होतो आणि नेमलेले सिनेटर त्याला निवडून देतात, हे कसे शक्य झाले? ते सविस्तर सांगावे. (राज्यशास्त्राची विद्यार्थिनी)

उत्तर : आपला प्रश्न दोन वेगवेगळ्या तरतुदींना स्पर्श करतो, आणि दोहोंचा इतिहास वेगळा आहे.

पहिली तरतूद पंतप्रधान खासदार असण्याविषयीची. फेब्रुवारी १९९१ मध्ये थायलंडमध्ये बंड झाले, मार्च १९९२ मध्ये निवडणूक झाली, आणि आपण पंतप्रधान होणार नाही असे सांगणारे जनरल सुचिंदा क्राप्रयून एप्रिलमध्ये पंतप्रधान होऊन बसले. ते कोणत्याही मतदारसंघातून निवडून आलेले नव्हते. मे महिन्यात बँकॉकच्या रस्त्यांवर प्रचंड जनसमुदाय उतरला, लष्कराने गोळीबार केला, अनेक माणसे मेली. अखेर राजांनी सुचिंदा आणि आंदोलनाचे नेते चामलोंग या दोघांना बोलावून घेतले. राजांसमोर जमिनीवर बसलेल्या त्या दोघांचे चित्र साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. सुचिंदा यांनी राजीनामा दिला, आणि पंतप्रधान हा निवडून आलेला खासदारच असला पाहिजे हा नियम घटनेत आला. १९९७च्या आणि २००७च्याही घटनेने तो कायम ठेवला. माणसांनी जीव देऊन मिळवलेली ही अट २०१७च्या घटनेने काढून टाकली. आता प्रत्येक पक्षाने निवडणुकीपूर्वी पंतप्रधानपदासाठी तीनपर्यंत नावे जाहीर करायची असतात, आणि ती माणसे खासदारकीची उमेदवार असण्याची गरज नसते. पलांग प्रचारथ या नव्या पक्षाने प्रयुत यांचे एकमेव नाव दिले. प्रयुत ना त्या पक्षाचे सदस्य होते, ना उमेदवार. पक्षाचे प्रमुख नेते मात्र त्यांच्याच मंत्रिमंडळातील होते. त्या चार मंत्र्यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले. प्रयुत स्वतः निवडणूक होईपर्यंत आणि नंतरही, नवे मंत्रिमंडळ येईपर्यंत, पंतप्रधानपदावर राहिले आणि बंडानंतर सत्ता हाती घेतलेल्या लष्करी परिषदेचे प्रमुखही राहिले. ज्याच्या हाती हंगामी घटनेतील विशेषाधिकाराचे कलम ४४, म्हणजे हवा तो आदेश काढण्याची मुभा, आहे असा प्रचारातला चेहरा इतर कोणत्याच पक्षाकडे नव्हता.

दुसरी तरतूद सिनेटची. आपल्याकडची राज्यसभा पंतप्रधान निवडत नाही, त्यामुळे मराठी वाचकाला ही गोष्ट चटकन पटत नाही. २०१७च्या घटनेखालच्या पहिल्या सिनेटमध्ये २५० सदस्य होते. त्यांतील सहा जागा सशस्त्र दलांचे प्रमुख, पोलीस प्रमुख आणि संरक्षण खात्याचे सचिव यांना पदसिद्ध म्हणून दिलेल्या होत्या. १९४ सदस्य लष्करी परिषदेने निवडले. आणि उरलेले ५० सदस्य व्यवसायगटांतून निवडून आलेल्या दोनशे नावांमधून, पुन्हा लष्करी परिषदेनेच उचलले. माजी सेनाधिकारी आणि पोलीस अधिकारी त्यांत मोठ्या संख्येने होते, आणि प्रयुत यांचे सख्खे भाऊ जनरल प्रीचा हेही होते.

आता आकडे पाहू. कनिष्ठ सभागृहाचे ५०० आणि सिनेटचे २५०, असे एकूण ७५०. पंतप्रधान होण्यासाठी ३७६ मते हवीत. ज्याच्या मागे सगळे सिनेट आहे त्याला कनिष्ठ सभागृहातून फक्त १२६ मते पुरतात, म्हणजे लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा चौथा हिस्सा. ज्याच्या मागे सिनेट नाही त्याला त्याच सभागृहातून ३७६ मते मिळवावी लागतात, म्हणजे चारांतले तीन. सिनेटची मुदत पाच वर्षे आणि कनिष्ठ सभागृहाची चार, त्यामुळे हा अधिकार एकदा नव्हे, तर दोन निवडणुकांनंतर वापरता येणार होता, हेही आपण लक्षात घ्यावे.

प्रत्यक्ष मतदान ५ जून २०१९ रोजी झाले. संसदेची नवी इमारत तयार नसल्याने बँकॉकमधील एका दूरसंचार कंपनीच्या सभागृहात संयुक्त बैठक भरली होती. दिवसभर भाषणे झाली आणि मग रात्री एकेका सदस्याचे नाव पुकारून, प्रत्येकाने उभे राहून आपली पसंती मोठ्याने सांगायची, अशा रीतीने मते नोंदवली गेली. प्रयुत यांना ५०० आणि फ्यूचर फॉरवर्ड पक्षाचे नेते थानाथोर्न यांना २४४ मते मिळाली. सिनेटचे २४९ सदस्य झाडून प्रयुत यांच्या बाजूने उभे राहिले. तटस्थ राहिले ते फक्त सिनेटचे सभापती.

येथे एक बारकावा सांगणे न्यायाचे होईल. पाचशेतून २४९ वजा केले तर २५१ उरतात, म्हणजे कनिष्ठ सभागृहातही प्रयुत यांना काठावरचे बहुमत मिळाले होते, आणि त्यांचे समर्थक आजही याच आकड्याकडे बोट दाखवतात. पण ते २५१ जमले कसे? डेमोक्रॅट पक्षाचे नेते अभिसित यांनी प्रयुत यांना पाठिंबा देणार नाही असे प्रचारात जाहीर केले होते. पक्षाची धूळधाण झाल्यावर त्यांनी निकालाच्याच रात्री नेतृत्व सोडले, पुढे पक्षाने प्रयुत यांच्या आघाडीत जाण्याचा निर्णय घेतला, आणि ५ जूनच्या सकाळी अभिसित यांनी खासदारकीचाही राजीनामा दिला. भूमजाईथाई पक्षानेही अखेरच्या दिवसांतच आपला कल उघड केला आणि त्याच्या नेत्याला आरोग्यमंत्रिपद मिळाले. सिनेटची २४९ मते आधीच एका पारड्यात पडलेली असताना विरोधी आघाडीत जाणे म्हणजे विरोधी बाकांवर बसणे, हे प्रत्येक मध्यम पक्षाला कळत होते. सिनेट नसते तर हे पक्ष कुठे गेले असते हे कोणी सांगू शकणार नाही, परंतु त्यांनी मोकळेपणाने निवड केली असे म्हणणे कठीण आहे.

प्रश्न : सर्वाधिक जागा फ्यू थाई पक्षाला मिळाल्या आणि सर्वाधिक मते पलांग प्रचारथला, असे वाचले. शिवाय फ्यू थाईला पक्षयादीतून एकही जागा मिळाली नाही. हे गणित कसे काय? (एक वाचक)

उत्तर : गणित किचकट आहे, पण ते टाळून ही निवडणूक समजत नाही.

कनिष्ठ सभागृहाच्या ५०० जागांपैकी ३५० मतदारसंघांतून आणि १५० पक्षयाद्यांतून भरायच्या होत्या. यापूर्वीच्या निवडणुकांत मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. एकीवर स्थानिक उमेदवार, दुसरीवर पक्ष. २०१९ मध्ये एकच मतपत्रिका देण्यात आली आणि तिच्यावर एकच फुली मारायची होती. ती फुली एकाच वेळी मतदारसंघातील उमेदवाराला, त्याच्या पक्षाच्या यादीला आणि त्या पक्षाच्या पंतप्रधानपदाच्या उमेदवाराला गेली. गावातला माणूस चांगला पण त्याच्या पक्षाचा नेता नको, असे ज्याला वाटत होते त्याला दोन्ही सांगण्याची सोय उरली नव्हती. त्यात भर म्हणजे एकाच पक्षाच्या उमेदवाराचा क्रमांक प्रत्येक मतदारसंघात वेगळा होता. त्यामुळे अमुक क्रमांकावर फुली मारा, असा देशभर चालणारा प्रचार करता येईना. बाद मतांची संख्या वीस लाखांच्या वर गेली.

सर्व पक्षांची वैध मते, म्हणजे साधारण साडेतीन कोटींहून थोडी अधिक, ५००ने भागली की एका जागेमागे सुमारे ७१ हजार मते असा दर निघतो. पक्षाच्या एकूण मतांना या दराने भागले की त्याच्या हक्काच्या जागा कळतात. त्यांतून मतदारसंघांत जिंकलेल्या जागा वजा करायच्या आणि उरतील तेवढ्या यादीतून द्यायच्या. फ्यू थाईला ७९ लाखांच्या आसपास मते होती, म्हणजे हक्काच्या जागा साधारण १११. पण त्याने १३६ मतदारसंघ जिंकले होते, त्यामुळे यादीतून शून्य. पक्षाच्या यादीतले अग्रणी नेते, पंतप्रधानपदाच्या उमेदवारासह, बाहेरच राहिले. पलांग प्रचारथला ८४ लाख मते मिळाली, त्याने ९७ मतदारसंघ जिंकले, आणि यादीतून भर पडून तो ११६ जागांवर पोहोचला. ज्या पक्षाची ताकद मतदारसंघ जिंकण्यात आहे त्याला हे सूत्र मारक आणि मध्यम पक्षांना तारक ठरणार, हे कागदावरच दिसत होते. कागदावर दिसत होते म्हणूनच फ्यू थाईने फक्त २५० मतदारसंघांत उमेदवार उभे केले. उरलेल्यांतली बरीचशी मते थाई रक्सा चार्ट या मित्रपक्षाने गोळा करायची आणि ती यादीच्या जागांत बदलायची, असा डाव होता. तो डाव उधळला कसा, हे पुढच्या उत्तरात येईल.

मतदानानंतर या सूत्राचा आणखी एक पदर उघडला. मोठ्या पक्षांनी हक्कापेक्षा अधिक मतदारसंघ जिंकल्याने याद्यांच्या जागा १५०च्या पुढे जाऊ लागल्या आणि सर्वांच्या प्रमाणात कपात करावी लागली. ती करताना निवडणूक आयोगाने जी रीत अवलंबिली तिच्यामुळे ७१ हजारांचा उंबरठाही न गाठलेल्या दहाहून अधिक छोट्या पक्षांना प्रत्येकी एक जागा मिळाली. काहींना तर त्याच्या निम्मीच मते होती. दुसरीकडे फ्यूचर फॉरवर्डला अपेक्षेपेक्षा सात-आठ जागा कमी पडल्या. २७ मार्चला सात विरोधी पक्षांनी आपल्याकडे २५५ जागा असल्याचे जाहीर केले होते. ८ मे रोजी अधिकृत यादी आली तेव्हा त्यांच्याकडे २४५च्या आसपास उरल्या होत्या. छोटे पक्ष जवळजवळ सगळे प्रयुत यांच्याकडे गेले. सूत्राचा अर्थ मतदान झाल्यावर सहा आठवड्यांनी निश्चित व्हावा, आणि त्या अर्थाने बहुमत कोणाचे हे ठरावे, ही गोष्ट आमच्या मते या निवडणुकीतील सर्वांत लाजिरवाणी होती.

गणिताचा विक्षिप्तपणा पाहायचा असेल तर चिआंग माईचे उदाहरण पाहावे. तेथील एका मतदारसंघातील फ्यू थाईच्या विजयी उमेदवाराने एका बौद्ध भिक्षूला २,००० बाथ दान दिल्याच्या कारणावरून आयोगाने त्याचा विजय रद्द केला. मे महिन्यात पोटनिवडणूक झाली, फ्यूचर फॉरवर्ड जिंकला, देशभराचे गणित नव्याने मांडले गेले, आणि त्या मतदारसंघाशी काडीचाही संबंध नसलेल्या एका छोट्या पक्षाची एकुलती एक जागा गेली.

प्रश्न : राजकन्येला पंतप्रधानपदाची उमेदवारी देण्याचे प्रकरण नेमके काय होते? (एक गृहिणी)

उत्तर : ८ फेब्रुवारी २०१९ रोजी थाई रक्सा चार्ट पक्षाने राजे वजिरालोंगकोर्न यांच्या थोरल्या भगिनी उबोलरताना यांचे नाव पंतप्रधानपदासाठी दिले. १९७२ मध्ये एका अमेरिकन नागरिकाशी विवाह केल्यावर त्यांनी राजघराण्यातील आपली पदवी सोडली होती, त्यामुळे त्या सामान्य नागरिक आहेत असा पक्षाचा युक्तिवाद होता. थक्सिन समर्थकांचा हिशेब उघड होता. राजनिष्ठेच्या नावाने राज्य करणाऱ्या सेनापतींना राजघराण्यातील व्यक्तीविरुद्ध प्रचार करणे जमणार नव्हते. त्याच रात्री राजांचे निवेदन प्रसिद्ध झाले. राजघराण्यातील ज्येष्ठ व्यक्तीला राजकारणात आणणे अत्यंत अनुचित आहे, असे त्यात म्हटले होते. उमेदवारी तेथेच संपली. ७ मार्चला, मतदानाला जेमतेम अडीच आठवडे उरले असताना, घटना न्यायालयाने पक्षच विसर्जित केला. फ्यू थाईने मित्रपक्षासाठी मोकळे सोडलेले मतदारसंघ त्यामुळे ओस पडले, आणि तेथील बरीच मते फ्यूचर फॉरवर्डकडे वळली, असे निकालांवरून दिसते. आमच्या मते ही चाल धाडसी कमी आणि अविचारी अधिक होती. पण तिची शिक्षा संपूर्ण पक्षाला आणि त्याच्या मतदारांना व्हावी, हे प्रमाणाबाहेरचे होते.

प्रश्न : मतमोजणीत गैरप्रकार झाले का? (एक वाचक)

उत्तर : मतदानाचा दिवस बहुतांशी शांततेत गेला, हे आशियाई निरीक्षक संस्था आन्फ्रेलनेही नोंदवले. गोंधळ झाला तो निकाल जाहीर करताना. पहिल्या रात्री आयोगाने मतदान सुमारे ६६ टक्के सांगितले, चार दिवसांनी ते ७४.६९ टक्के झाले. अंशतः मोजलेले आकडे मध्येच थांबवले गेले. न्यूझीलंडमधील थाई नागरिकांच्या सुमारे दीड हजार मतपत्रिका बँकॉकला पोहोचूनही वेळेत मोजणी केंद्रांवर गेल्या नाहीत, म्हणून मोजल्याच नाहीत. एवढ्यावरून देशव्यापी मतचोरी सिद्ध होत नाही, आणि तसा पुरावाही पुढे आलेला नाही. मतपेटीत हात घालण्याची गरज कोणाला असते? ज्याला नियम ठरवता आले नाहीत, त्याला.

प्रश्न : असेच इतर देशांतही घडले आहे का? (एक वाचक)

उत्तर : घडले आहे, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पाकिस्तानात परवेझ मुशर्रफ यांच्या १९९९च्या बंडानंतर ऑक्टोबर २००२ मध्ये निवडणूक झाली; तेथे उमेदवाराला पदवीची अट घालून अनेक जुन्या राजकारण्यांना मैदानाबाहेर ठेवण्यात आले. फिजीत फ्रँक बैनिमारामा यांनी २००६ मध्ये बंड केले, २०१४ मध्ये निवडणूक घेतली आणि ५० पैकी ३२ जागा खरोखरच्या मताधिक्याने जिंकल्या. म्यानमारमध्ये घटनेनेच संसदेच्या चतुर्थांश जागा लष्कराला दिलेल्या आहेत. २०२१च्या बंडानंतर तेथे विजयी पक्षच विसर्जित करून, यादवी चालू असताना, डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने मतदान घेण्यात आले. थायलंडची २०१९ची निवडणूक या सर्वांच्या तुलनेत अधिक चुरशीची होती; विरोधकांना प्रचार करता आला आणि सर्वाधिक जागाही मिळाल्या.

प्रश्न : मग त्या निवडणुकीत तरुणांनी दिलेल्या मतांचे पुढे काय झाले? सगळे वाया गेले असे म्हणायचे का? (एक महाविद्यालयीन वाचक)

उत्तर : जेमतेम वर्षभर आधी स्थापन झालेल्या फ्यूचर फॉरवर्डला ६० लाखांहून अधिक मते आणि ८०च्या आसपास जागा मिळाल्या, हा २०१९चा खरा धक्का होता. २०११ नंतर एकही पूर्ण निवडणूक न झाल्याने, पंचविशीत पोहोचलेले लाखो तरुण त्या दिवशी प्रथमच मत देत होते. त्या पक्षावरचे आघात मात्र लगेच सुरू झाले. प्रसारमाध्यमातील कंपनीचे समभाग बाळगल्याच्या आरोपावरून थानाथोर्न यांना घटना न्यायालयाने २३ मे रोजी कामापासून रोखले. दोन दिवसांनी त्यांनी सभागृहात शपथ घेतली आणि लगेच बाहेर जावे लागले. नोव्हेंबरमध्ये त्यांची खासदारकी गेली, आणि पक्षाला त्यांनी दिलेले कर्ज बेकायदा ठरवून न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०२० रोजी पक्षही विसर्जित केला. त्यानंतर विद्यापीठांच्या आवारांत जी निदर्शने सुरू झाली ती त्या वर्षभरात बँकॉकच्या रस्त्यांवर पोहोचली.

विसर्जित पक्षाचे बहुतेक खासदार मूव्ह फॉरवर्ड या नावाने एकत्र आले. १४ मे २०२३च्या निवडणुकीत, घटनादुरुस्तीमुळे दोन मतपत्रिका परत आलेल्या असताना, हा पक्ष १५१ जागांसह पहिला आला. त्याचे नेते पिता लिमजारोएनरात यांना १३ जुलैच्या संयुक्त बैठकीत ३२४ मते मिळाली. सिनेटमधून त्यांना अवघी तेरा मते पडली आणि पंतप्रधानपद हुकले. ऑगस्ट २०२४ मध्ये हाही पक्ष विसर्जित झाला, आणि त्याचे खासदार तिसऱ्या नावाने पुन्हा उभे राहिले. त्यामुळे मते वाया गेली का, या प्रश्नाला सरळ होकार देता येत नाही. चार वर्षांत ६० लाखांची १ कोटी ४० लाखांहून अधिक झाली. सरकार बनवण्यास मात्र ती पुरली नाहीत.

लष्करी परिषदेने नेमलेल्या सिनेटची मुदत मे २०२४ मध्ये संपली. तिच्या जागी आलेल्या दोनशे सदस्यांच्या सिनेटला पंतप्रधान निवडण्याचा अधिकार नाही. प्रयुत यांनी २०२३ मध्ये एका नव्या पक्षाकडून नशीब अजमावले, त्या पक्षाला ३६ जागा मिळाल्या. जुलैमध्ये त्यांनी राजकारणातून निवृत्ती जाहीर केली आणि नोव्हेंबरमध्ये राजांनी त्यांना आपल्या सल्लागार मंडळावर नेमले.